परक्यांची वही

रिक्षा सकाळी साडेसातलाच आली. मी गॅसवर दूध ठेवून अंगण झाडत होते. भोंग्यातून आधी गाण्याचा एक तुकडा, मग खरखर, आणि मग कुणा पोराचं घसा फोडून ओरडणं: "आपला तालुका, सुरक्षित तालुका! चौकाचौकात कॅमेरा, परक्या माणसावर करडी नजर! दहशतवादाला थारा नाही!" खराटा हातातच राहिला. आत दूध उतू गेलं, बर्नरवर करपलं, घरभर वास सुटला. "आई, अहो दूध!" म्हणत सून धावली. दूध गेलं ते गेलं, पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती का, हे सुनेला सांगायचं तर तीस वर्षं मागं जावं लागलं असतं. तिला कामावर जायचं होतं. मी गॅस पुसला आणि गप्प बसले.

आता गप्प बसवत नाही म्हणून लिहितेय.

आमच्याकडं निवडणूक कुठल्याही महिन्यात येवो, माझ्या लेखी तिचा मोसम एकच. माघ सरत आलेला. सकाळी स्वेटर आणि दुपारी डोक्यावर पदर, असे ते दिवस. आमची वस्ती माळेगावच्या अलीकडं, कालव्याच्या चारीवर. कारखान्याची चिमणी अखंड धूर सोडतेय, मळीचा आंबूस वास कपड्यांत, उशीत, अगदी भाकरीच्या पिठातसुद्धा. उसाच्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टर एकामागं एक चाललेत, रस्त्यात पडलेली कांडकी चाकाखाली चिरडून डांबर चिकट झालंय, आणि चपलेचा तळ प्रत्येक पावलाला सुटताना आवाज करतोय. तोडून झालेल्या फडात पाचट पेटवलं की काळी राख उडत यायची आणि वाळत घातलेल्या धुण्यावर बसायची. नवी नवरी होते तेव्हा मी ती हातानं झटकायला जायचे आणि पांढऱ्या धोतरावर काळा फराटा ओढून ठेवायचे. तात्या, म्हणजे माझे सासरे, हसून म्हणायचे, "सूनबाई, झटकू नका. फुंकर मारा." सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळं घरातलं असलं बारीकसारीक मला तात्यांनीच शिकवलं.

तात्या वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं माझी जीभ ऐकायची नाही.

आमची दोन्ही घरं मूळची मेंढरं राखणारी. तात्यांच्या वडिलांच्या रानात कालव्याचं पाणी शिरलं, मेंढरं गेली, ऊस आला, तात्या कारखान्याचे सभासद झाले आणि धोतराला इस्त्री आली. माझं माहेर बावड्याच्या पलीकडं, माळावरचं. तिकडं पाणी आलंच नाही, म्हणून माझ्या वडिलांकडं, आबांकडं, मेंढरं राहिली. एवढाच काय तो फरक. दिवाळी झाली की आबा आणि आई घोड्यावर बिऱ्हाड लादून कळपासंगं कोकणात उतरायचे आणि मिरगाच्या आधी माघारी यायचे. माझ्या लग्नात तात्यांनी आबांना स्वतःच्या हातानं फेटा बांधला, "याही, आता तुमचं-आमचं एकच घर" म्हणून मिठी मारली. पण पुढं कुणी पाहुणे आले आणि विषय निघाला की तात्या सांगायचे, "सूनबाईंचे वडील शेती करतात, इंदापूरकडं." मेंढरांचं नाव नाही. मी चहा ठेवून आत जायचे. कधी दुरुस्त केलं नाही.

नव्वदीच्या मधली ती निवडणूक. मुंबईत बॉम्ब फुटून दोनेक वर्षं झाली होती. आमच्या वस्तीवरच्या शेवंताबाईंचा भाऊ तिकडं हमाली करायचा. त्या दुपारी तो माल उतरवत होता, एक पाय गुडघ्यापासून गेला. त्याला वस्तीवर आणला तेव्हा सगळी माणसं बघायला गेली. म्हणजे भीती काही कुणी बाहेरून आणून आमच्या डोक्यात घातली नव्हती. ती होतीच. एसटीत बेवारस पिशवी दिसली की बाया पोरांना मागं ओढायच्या. मीही ओढायचे. मला राग येतो तो भीतीचा नाही, त्या भीतीवर ज्यानं आपली चूल पेटवली त्याचा.

तो उमेदवार अपक्ष होता. नाव घेत नाही, घ्यायची इच्छाही नाही. आमच्याकडच्या पोरांनी त्याचं नाव पाडलं होतं बंदोबस्तराव. निशाणी कुलूप, आणि म्हणे ती मुद्दाम मागून घेतली होती. पांढरी जीप, पांढरे कपडे, काळा गॉगल. आमच्या मारुतीच्या पारावर सभा झाली, आम्ही बाया शाळेच्या पायऱ्यांवर बसलो होतो. पोरगं माझ्या मांडीवर झोपलेलं.

"मुंबईत झालं ते उद्या बारामतीत व्हणार न्हाय कशावरनं?" त्यानं पहिल्यालाच विचारलं. "आपल्याकडं काय न्हाय? कारखाना हाय, एमआयडीसी हाय, तिकडं इंदापुरात उजनीचं पाणी हाय. दुश्मनाला अजून काय पायजे?"

मग योजना सुरू झाल्या. प्रत्येक गावात सुरक्षा दल, पोरांना शिट्टी, काठी आणि दंडाला पट्टा. प्रत्येक रस्त्याला नाका. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाची गावात नोंद, वही सरपंचाच्या नव्हे, दलाच्या ताब्यात. संशयित धरून देणाऱ्याचा भर सभेत सत्कार. कारखान्याला दुहेरी कुंपण. उजनीच्या भिंतीवर तोफ! तोफ म्हटल्यावर मागं बसलेला एक म्हातारा ओरडला, "सायेब, तोफ राहू द्या, आदी पाणी सोडा की!" आणि सगळा पार हसला. बंदोबस्तरावही हसले. पण तोफ सोडून बाकीचं सगळं माणसांना पटलं होतं. निवडून येईपर्यंत थांबायची गरज नाही, उद्यापासूनच करू, असं ठरलं. तात्या उठून उभे राहिले आणि म्हणाले, "वही आमच्या सूनबाई आखून देतील. धाव्वी पास हायेत, अक्षर मोत्यासारखं हाय."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. काय खोटं बोलू? लग्न होऊन चार वर्षं झाली, भाकरी आणि धुणं सोडून माझ्या हातचं काही कुणाला हवंय असं पहिल्यांदाच होत होतं. लाल पुठ्ठ्याची फुलस्केप वही आली. मी फूटपट्टी घेऊन ओट्यावर बसले. नाव. गाव. जात. येण्याचे कारण. सोबतचे सामान व जनावरे. मुक्काम. शेवटी 'ओळख देणारा', आणि कंसात दलानं सांगितलं तसं, 'सातबाऱ्यावर नाव असलेला'. जात कशाला, असं माझ्या मनात आलं होतं. आलं आणि गेलं. रेघ सरळ मारण्यात मी गुंतले होते.

नाक्यावर बसून नोंदी लिहायचं कामही माझ्याकडंच आलं. पहिल्या दिवशी ऊसतोडीची माणसं आली. आली म्हणजे, हाकलून आणली. पहाटे फडात जायच्या वेळेला बाया-पुरुष कोयते घेऊन रांगेत उभे, पोरं कडेवर. त्यांचा मुकादम माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, धा वरसं झाली, ह्याच फडात येतोय. तुमच्या सासऱ्याचाच ऊस तोडतोय. आन आता वळख कुणाकडनं आणू?" मी वहीत डोकं खुपसलं.

आणि पिंजारी चाचा. त्यांची आठवण आली की अजून मान खाली जाते. दरवर्षी थंडीत सायकलवर ती भली मोठी धनुकली लावून यायचे, तारेचा तुंई-तुंई आवाज आला की बाया जुन्या गाद्या बाहेर काढायच्या. माझ्या लग्नाची गादी त्यांनीच भरलेली. त्या वर्षी त्यांना नाक्यावर अडवलं, एकदा नाही, तीन दिवसांत तीनदा. तिसऱ्या वेळी धनुकली सायकलवरून सोडून बघितली, कापसाच्या गाठोड्यात काठ्या खुपसून बघितल्या. कापूस रस्त्यावर आला, चिकट डांबराला लागला. चाचा एक-एक पुंजका उचलत होते. शेवंताबाई तेवढ्या म्हणाल्या, "आरं माझ्या भावाचा पाय ह्यांनी तोडला का? चोर सोडून संन्याशाला फाशी!" ज्या बाईनं खरं सोसलं होतं ती बोलली. मी चाचांकडं न बघता वहीत त्यांचं नाव लिहिलं, पुढं जात लिहिली, रेघ मारली. चाचा त्यानंतर आमच्याकडं कधीच आले नाहीत. माझा स्वतःचा बाप धरला गेला तेव्हा कुठं माझे डोळे उघडले, हे सांगायला लाज वाटते, पण सांगते.

त्या साली आबांच्या गुडघ्यानं कोकणचा घाट नको म्हटलं होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, यंदा लांब जायचं नाही, कालव्याच्या पट्ट्यात फिरायचं. उसाचं वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, मिळतील, कापलेल्या ज्वारीच्या रानात वाळका पाला मिळेल, आणि शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवून खताच्या बदल्यात चार पायल्या धान्य. मला याचा पत्ता नव्हता. लेकीच्या सासरच्या शिवारात मेंढरं घेऊन उतरायचं तर उगाच तिला मान खाली घालायला नको, म्हणून त्यांनी निरोपही धाडला नव्हता.

मेंढक्यांची एक रीत असते. कळप मागं ठेवायचा आणि एकट्यानं पुढं जाऊन रान बघून यायचं. चारा कुठं आहे, विहीर कुठं, पाणी उपसतं का, कालव्याची पाळी कधी, हे रान कुणाचं, ते रान कुणाचं, मालक कसा आहे. सगळं बारीक विचारायचं, पण आपला कळप किती मोठा हे सांगायचं नाही, आणि आज कुठं बसणार हेही आधी बोलायचं नाही. आकडा तोंडातून गेला की कळपाला नजर लागते, मुक्काम बोलला की वाट आडवी येते. आबांच्या बापानं सांगितला नाही, आजानं सांगितला नाही. बाहेरच्याला हे वेडेपण वाटेल. बंदोबस्तरावांनी वाटलेल्या पत्रकात काय लिहिलं होतं बघा: 'विहीर, पूल, कालवा, कारखाना यांविषयी चौकशी करणारा, मुक्काम न सांगणारा, सोबतचा तपशील लपवणारा इसम दिसल्यास तात्काळ दलास कळवावे.' घ्या! जणू माझ्या बापालाच समोर बसवून लिहिलं होतं.

त्या दिवशी सकाळी आठ-साडेआठ झाले असतील. आमचे हे एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेले होते. मी चारीवर धुणं धूत होते. एक बाई पळत आली, "शालन, नाक्यावर येक दहशतवादी घावलाय! म्हातारा हाय, पर लई पक्का. दूध सेंटरात घातलाय." मीही बघायला गेले. हो, बघायलाच गेले, हात ओले, पदर खोचलेला.

दूध सेंटरच्या फरशीवर, कॅनच्या रांगेपाशी, आबा उकिडवे बसले होते. घोंगडी बाजूला काढून घेतलेली. पागोटं सोडून तपासलेलं, ते मांडीवर गोळा. मी माझ्या बापाला उघड्या डोक्यानं चारचौघांत कधी बघितलं नव्हतं. दलाचा प्रमुख किसन, आमच्या शेजारचाच, वही उघडून टेबलावर बसलेला. माझी वही.

"मेंढरं म्हणतोस तर मग किती हायेत ते सांग."

"ते सांगत नसत्यात, बाबा."

"मुक्काम कुठं?"

"दिस मावळताना कळंल."

"बघा! येक शब्द सरळ न्हाय!" किसन बाकीच्यांना म्हणाला.

"आबा!" मी ओरडले. "किसनभावजी, हे माझे वडील हायेत. सोडा त्यांना!"

किसन चपापला. पोरंही एकमेकांकडं बघायला लागली. क्षणभर मला वाटलं, झालं, संपलं. पण किसननं वही माझ्याकडं फिरवली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "वहिनी, राग मानू नका. पर तुमची वळख चालत न्हाय. सातबाऱ्यावर नाव पायजे. तुमीच लिवलंय."

माझंच अक्षर, मोत्यासारखं.

आबांनी मान वर केली. मला बघून त्यांचा चेहरा कसा झाला ते सांगता येत नाही. पण बोलले ते मेंढरांचंच. "पोरांनो, मला बांदून घाला हितं, माझी ना न्हाय. पर कुणीतरी चारीच्या पल्याड जा. मेंढरांपाशी म्हातारी येकटी हाय. उनं वर आली की मेंढरं हटत न्हाईत, कापल्याल्या ज्वारीत शिरत्याल. खोडक्याला कवळं कोंब फुटल्यात. ते खाल्लं तर इख हाय. मरत्याल."

"मेंढरांचं सायेब बघतील," किसन म्हणाला.

मी घराकडं पळाले. तात्या दाढी करत बसले होते, आरसा खिडकीत टेकवलेला. दुपारी बंदोबस्तरावांची जीप येणार होती, संध्याकाळच्या बारामतीच्या सभेत तात्या स्टेजवर बसणार होते. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांचा वस्तरा थांबला. "याही हायेत?" एवढंच म्हणाले. मग बराच वेळ गालावरचा साबण पुसत राहिले. "चला, येतो." मला वाटलं, आता आबा सुटले. ते पुढं, मी मागं, पायात चपला घालायचं भान नाही.

दूध सेंटरसमोर तोवर गाव गोळा झालं होतं. बातमी लागल्यामुळं जीपही दुपारची वाट न बघता येऊन उभी. बंदोबस्तराव गॉगल लावून दारात, सोबत कॅमेरा घेतलेला एक माणूस. "या, या, तात्या! तुमच्या गावानं तालुक्याला धडा घालून दिलाय," म्हणून त्यांनी तात्यांच्या खांद्यावर हात टाकला. किसन पुढं झाला. "तात्या, ह्या माणसाला वळखता का? शालनवहिनी म्हणत्यात त्यांचं वडील हायेत."

तात्यांनी आबांकडं बघितलं. आबांनी तात्यांकडं बघितलं. मिठी मारलेली माणसं ती दोन!

"बघितल्यासारखं वाटतंय," तात्या म्हणाले. "पर नक्की काय सांगता येत न्हाय. तुमी कायद्यापरमानं करा."

कायदा! कुठला कायदा? चार टवाळ पोरांनी आणि एका गॉगलवाल्यानं केलेला? सत्काराचं एक उपरणं, स्टेजवरची एक खुर्ची, त्यापायी या माणसानं सख्ख्या याह्याला उंबऱ्याबाहेर काढला. कुंपणानंच शेत खाल्लं, तर दाद कुणाकडं मागायची?

"तात्या!" मी सगळ्यांसमोर, सासऱ्याच्या तोंडावर, ओरडले. "तात्या, बोला की! माझ्या बापाला फेटा कुणी बांधला होता?"

आणि तेव्हा आबा बोलले. पागोटं डोक्याला गुंडाळत, शांतपणानं. "पावनं म्हणत्यात तेच खरं हाय. ही माय कुणाला तरी बाप समजून बसलीय. आमचा समद्यांचा पोशाख येकसारखाच असतुय, व्हतं आसं. लेकराबाळाची हायेस, जा घरला, माय."

मला माय म्हणाले. परक्या बाईला म्हणतात तसं.

पुढचं मला तुटक आठवतं. कॅमेरावाल्यानं आबांना उभं केलं, काठी हातात घ्यायला लावली, बंदोबस्तराव एका बाजूला, दुसऱ्या बाजूला तात्या. त्या वर्षी मतदाराच्या फोटोच्या कार्डाची गडबड चालली होती, आबा फिरतीवर म्हणून त्यांचा फोटो राहून गेला होता. म्हणजे माझ्या बापाचा आयुष्यातला पहिला फोटो निघाला तो संशयित म्हणून. पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या साप्ताहिकात छापूनही आला. आबा कॅमेऱ्याकडं बघत नव्हते, चारीच्या पलीकडं बघत होते.

दुपारी दोनच्या सुमाराला हवालदार सायकलवरून आले. सुटलेल्या पोटाचा, घामाघूम झालेला साधा माणूस. आबांना बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आरं काय येड लागलं काय तुमाला? इंदापूरला व्हतो तवा दर बाजाराला ह्या बाबाच्या हातची तंबाखू खाल्लीय मी. माझ्या मेव्हण्याच्या रानात मेंढरं बसवत्यात हे. कदीपासनं बसवलाय ह्यास्नी?" वही हातात घेतली, दोन पानं चाळली, जातीच्या रकान्याशी थांबले. किसनकडं असं बघितलं की तो टेबलावरून उतरला. पण वही फाडली नाही. परत टेबलावरच ठेवली. बंदोबस्तरावांची जीप तोवर निघून गेली होती.

पाच तास. मेंढरांकडं मी तरी धावायला हवं होतं, पण आबांना तसं सोडून माझा पाय निघाला नव्हता. आबा गुडघा ओढत चारीकडं पळाले. पळता येत नव्हतं तरी पळाले.

बंदोबस्तराव त्या निवडणुकीत सपशेल पडले. मी कुलपावर शिक्का मारला नाही हे सांगून काय मोठा पराक्रम? ते पडले, पण त्यांनी काढलेला नाका दोन वर्षं राहिला, आणि दल राहिलं, आणि वही तर कितीतरी दिवस भरत राहिली. मी पुन्हा हातात धरली नाही, दुसऱ्या कुणाचंतरी अक्षर आलं. त्या वहीत खरा दहशतवादी एकही सापडला नाही. सापडले ते ऊसतोडीवाले, पिंजारी चाचा, कासार, भांडीवाली, एक नंदीबैलवाला आणि आबा. शेवंताबाईंच्या भावाला कुबडी मात्र कुणी आणून दिली नाही. सुरक्षा म्हणजे कशाची सुरक्षा, हे त्या वेळी त्या भावानं एकट्यानंच विचारलं होतं, खाटेवर पडल्या पडल्या, आणि उत्तर द्यायला कुणी थांबलं नव्हतं.

आता कॅमेरे येणार म्हणे. येऊ देत. हवालदारांनी एका नजरेत जे ओळखलं ते कॅमेरा ओळखणार असेल तर मी स्वतः हार घालीन त्याला. पण 'परका' कुणाला म्हणायचं हे ठरवणारी तोंडं तीच, त्यांची नातवंडं आता भोंग्यावर ओरडतायत. कालच मुलगा जेवताना म्हणाला, "आई, सुरक्षा तर पाहिजेच ना?" पाहिजे रे बाबा. मला नको का? मलाही पाहिजे. मला एवढंच म्हणायचंय की आमच्या वस्तीवर त्या दिवशी पाच तास एक माणूस असुरक्षित होता, आणि तो माझा बाप होता.

त्या दिवसाचं अजून थोडं सांगायचं आहे.

उन्हं कलल्यावर मी चारी ओलांडून गेले. कुणाला विचारलं नाही. कापलेल्या ज्वारीच्या रानात मेंढरं पडली होती. पोट फुगलेली, पाय ताठ, तोंडाला फेस. काही अजून धापा टाकत होती. आई मधोमध बसली होती, मांडीवर एक कोकरू, आणि हातातली काठी अजून हवेत फिरवत होती, जणू कळप अजून वळवायचाय. "येकटीला न्हाय आवरली गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. जगलेली मेंढरं बांधाच्या कडेला अंग चोरून उभी. आबा खड्डा खणत होते. मी कुदळ घ्यायला गेले तर दिली नाही.

"आबा, मला का नाकारलंत?" मी विचारलं. रडत नव्हते. चिडले होते. "त्यांनी नाकारलं ते नाकारलं. तुमी का? लेक हाय म्हटला असतात तर काय बिघडलं असतं?"

आबांनी कुदळ थांबवली नाही. "शाले, मी काय, उद्या हितनं जानार. तुला तितंच ऱ्हायाचं हाय. त्यांच्याच ताटाला ताट लावून."

"मी नाय राहत तिथं! मी येते तुमच्यासंगं!"

"पोरगं कुठं ठेवलंय?"

पोरगं शेवंताबाईंकडं ठेवलं होतं.

"त्याला दूद पाजायची येळ झाली आसंल," आबा म्हणाले. "जा."

मी गेले. चारी ओलांडून आले, पोराला घेतलं, पाजलं, चूल पेटवली. रात्री तात्या बारामतीच्या सभेहून परतले, हारातली फुलं दंडाला चिकटलेली, आणि हातपाय धुऊन पाटावर बसले. मी ताट वाढलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. दोन घास खाल्ले, पाणी प्यायले, आणि ताटाकडं बघतच म्हणाले, "कालवण चांगलं झालंय, सूनबाई."

मी विचारलं, "अजून वाढू का?"